अस्सल बरहुकूम नक्कल

सातबाऱ्याच्या हस्तलिखित उताऱ्याखाली तलाठी एक शिक्का मारीत असे : ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’. नोकरीची जवळजवळ सारी वर्षे महाराष्ट्राबाहेर काढल्यानंतरही ते शब्द माझ्या मनातून गेलेले नाहीत, कारण शासन म्हणजे काय याची मला झालेली ती पहिली ओळख होती. मूळ दप्तर एका जागी राहते, नक्कल लोकांच्या हाती जाते, आणि नक्कल मुळाबरहुकूम आहे याची हमी कोणीतरी स्वतःच्या सहीने घेतो. गावच्या शेतकऱ्याने प्रत्येक उताऱ्यासाठी पुण्याला जमाबंदी आयुक्तांच्या दारात उभे राहावे, असे कोणी सुचवले तर त्याला आपण वेड्यात काढू. सरकारी कार्यालयांतील संगणकांना मात्र आपण नेमके तेच करायला लावतो आणि त्याला आधुनिकता म्हणतो.

प्रश्न आहे मुक्त संगणक-प्रणालींच्या भांडाराचा. लिनक्सवर आधारलेली डेबियन ही प्रणाली १९९३ साली सुरू झाली. तिच्यावरून निघालेली उबुंटू २००४ साली आली. या प्रणाली वापरणाऱ्याला बाजारात जाऊन सॉफ्टवेअरच्या तबकड्या विकत आणाव्या लागत नाहीत. लेखनाचा कार्यक्रम, छपाईयंत्राचे चालक, टंक, शुद्धलेखन-तपासणी, सर्व्हरची अवजारे हे सारे एका मोठ्या कोठारात पॅकेजांच्या रूपाने रचून ठेवलेले असते आणि संगणक तेथून हवे ते उचलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशी जवळपास सत्तर हजार पॅकेजे आहेत. त्यांत दोष सापडला की दुरुस्त केलेले पॅकेज त्याच कोठारात येते आणि संगणकांनी ते तेथून घ्यायचे असते. परप्रांतात बसून मराठी लिहिणाऱ्यांना एक उपयुक्त माहिती सांगून ठेवतो : त्या भांडारात लोहित टंकाचे खास मराठीसाठीचे पॅकेजही आहे. हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ पाहून ज्यांचे डोळे दुखतात, त्यांचे दुःख ते एका आज्ञेने दूर करते.

या कोठाराची तंतोतंत प्रत आपल्या आवारात ठेवता येते. तिला मिरर, म्हणजे आरसा म्हणतात. शब्द मला तितकासा पटत नाही. आरशात आत्ताचा चेहरा दिसतो. या प्रतीत मात्र शेवटची नक्कल उतरवली त्या क्षणाचा चेहरा असतो, आणि तो क्षण कालचा की चौदा महिन्यांपूर्वीचा हे प्रत आपण होऊन सांगत नाही. त्याची किंमत मी मोजली आहे, ती पुढे सांगेन.

आधी हिशेब. राज्यांतर्गत जाळे उभारण्याची जी स्वान योजना केंद्राने २००५ साली मंजूर केली, तिच्यात तालुक्यापर्यंत किमान २ एमबीपीएसची वाहिनी अभिप्रेत होती. एवढ्या वाहिनीतून, ती पूर्ण क्षमतेने वाहिली तरी, तासाला जेमतेम ९०० मेगाबाइट माल येतो. तालुका कार्यालयात पंचवीस संगणक धरा आणि प्रत्येकाला महिन्याकाठी अर्धा गीगाबाइट दुरुस्त्या लागतात असे समजा. साडेबारा गीगाबाइट झाले, म्हणजे वाहिनीचे चौदा तास. दोन दिवस दाखले निघणार नाहीत, नोंदी चढणार नाहीत, कोषागाराची देयके जाणार नाहीत. मग कार्यालय काय करते? सोपा मार्ग काढते : दुरुस्त्या बंद करून टाकते. हा निर्णय कोणत्याही टिप्पणीवर लिहिलेला नसतो. एखादा कंटाळलेला ऑपरेटर खिडकीतील खूण काढतो आणि शासनाचे सुरक्षा-धोरण ठरून जाते. पंचवीसही संगणक तोच माल पुनःपुन्हा त्याच दूरच्या ठिकाणाहून आणत होते आणि तो एकदाच आणून कार्यालयातील वीस मीटरच्या तारेवरून वाटता आला असता, ही गोष्ट वरिष्ठांपर्यंत पोचतच नाही.

आज वाहिन्या रुंद झाल्या आहेत, हे मला मान्य आहे. पण संगणकही वाढले आणि दुरुस्त्यांचा आकारही वाढला. शिवाय ज्यांच्या तालुक्याला रस्ता पावसाळ्यात बंद होतो त्यांनी ऑप्टिकल फायबरचे काय होते ते मला शिकवू नये. आणि तार तुटायला पावसाळाच लागतो असे नाही. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या केबली तुटल्या तेव्हा भारताची मोठी परदेशी वाहतूक अडली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ तेच घडले. देशातील वाहतूक देशातच फिरावी म्हणून २००३ साली निक्सी ही संस्था उभी करण्यात आली, ते धोरण योग्यच होते. आवारातील मिरर हे त्याच धोरणाचे शेवटच्या पायरीपर्यंत नेलेले रूप आहे.

आता माझी गोष्ट. २०१२ साली पूर्वेकडील एका राज्यात मी जिल्हाधिकारी होतो. जिल्ह्यात सुमारे तीनशे संगणक होते. त्यांवरच्या सॉफ्टवेअरपैकी किती परवान्याचे आणि किती बिनपरवान्याचे, हे विचारण्याचे धाडस माझ्या आधीच्या कोणी केले नव्हते. मी विचारले आणि उत्तर ऐकून झोप उडाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उबुंटूची १२.०४ ही पाच वर्षे आधार मिळणारी आवृत्ती आली होती. निम्मे संगणक तिच्यावर नेण्याचे ठरवले. कंत्राटी तंत्रसहायक म्हणून काम करणारा एक मुलगा होता, विलक्षण हुशार आणि पगार नेहमी तीन महिने थकलेला. त्याने सांगितले, “सर, आधी गोदाम बांधू या, मग दुकाने उघडू.”

गोदाम म्हणजे एक जुना सर्व्हर आणि दोन टेराबाइटची एक डिस्क. पहिली भरणी वाहिनीवरून केली असती तर दिवाळी उजाडली असती, म्हणून राजधानीतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून ती डिस्कवर उतरवून टपालाच्या जीपने आणली. निम्मी डिस्कही भरली नाही. पुढे रोज रात्री अकरा वाजता ‘एपीटी-मिरर’ नावाचा लहानसा कार्यक्रम चालायचा आणि त्या दिवशी बदललेले तेवढेच आणायचा. प्रत्येक संगणकावर एका फाईलमधील पत्ता बदलला की काम झाले. ज्या तालुक्यांची वाहिनी केवळ नावापुरती होती तेथे दर पंधरवड्याला टपालाच्या थैलीतून डिस्क जाई. यात तंत्रज्ञानाचा चमत्कार कोठेच नाही. रेशनचे धान्य असेच पोचते.

खरी कसरत पुढे होती. लेखापरीक्षकांनी विचारले : या डिस्कवर हजारो सॉफ्टवेअरे आहेत, त्यांच्या खरेदीची बिले कोठे आहेत? बिले नाहीत, कारण खरेदी नाही, असे उत्तर दिले. मग खरेदी नसताना वस्तू साठ्यात कशी, असा उपप्रश्न आला. परवान्याचा मजकूर जोडला, प्रती काढण्याचा आणि वाटण्याचा हक्क त्यातच दिला आहे हे अधोरेखित केले. तरीही आक्षेप दोन वर्षे प्रलंबित राहिला. आपल्या वित्तीय नियमांचा सारा जीव किमतीत आहे. तीन दरपत्रके, सर्वांत कमी दर, पुरवठा आदेश, स्वीकृती, साठानोंद या साखळीत शून्य किमतीची वस्तू बसतच नाही. चाळीस लाखांचे परवाने विकत घेणारा अधिकारी निर्धास्त झोपतो आणि फुकट व कायदेशीर वस्तू आणणारा खुलासे लिहीत बसतो. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ते वाचून मला आनंद झाला, पण धोरण खरेदीच्या वेळी प्राधान्य कोणाला द्यावे याविषयी जेवढे बोलते तेवढे खरेदीनंतरच्या रोजच्या सांभाळाविषयी कोण बोलणार, हा प्रश्न तसाच राहिला.

२०१३ मध्ये माझी बदली झाली. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत खजिन्याच्या चाव्या होत्या, शस्त्रपरवान्यांची नोंदवही होती, गेस्ट हाऊसमधील सतरंज्यांची संख्याही होती. मिररचा उल्लेख नव्हता. तो मीच करायला हवा होता, मी केला नाही. काही आठवड्यांत त्या मुलाचे कंत्राट संपले. रात्री अकराचे काम कधीतरी एका वीजखंडानंतर थांबले आणि पुन्हा सुरू झाले नाही. सर्व्हर मात्र चालू राहिला आणि इमानेइतबारे जुनाच माल वाटत राहिला.

यातील विष समजून घेतले पाहिजे. मिरर पूर्ण बंद पडला असता तर संगणकांनी आरडाओरड केली असती. तो चालू होता, फक्त शिळा झाला होता. डेबियनच्या सुरक्षा-भांडारासारख्या काही भांडारांच्या सूचीत ‘अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य’ अशी नोंद असते आणि ती उलटली की संगणक तक्रार करतो. उबुंटूच्या सूचीत तशी नोंद नव्हती. म्हणून दीडशे संगणक रोज सकाळी गोदामाला विचारीत, नवीन काही आहे काय? गोदाम म्हणे, नाही. आणि पडद्यावर उमटे, तुमचा संगणक अद्ययावत आहे. माझी आणखी एक चूक त्यात भर घालीत होती. सुरक्षाविषयक दुरुस्त्यांचा पत्ता मूळ ठिकाणचा राहू द्यावा, निदान दुसरी ओळ म्हणून ठेवावा, हा संकेत आहे. वाहिनी वाचवण्याच्या उत्साहात मी तोही स्थानिक करून टाकला होता.

एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा दोष जगजाहीर झाला. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या ग्रंथालयात तो होता, उबुंटू १२.०४ मध्येही होता. दुरुस्ती लगोलग निघाली. आमच्या जिल्ह्याचे तक्रार निवारणाचे संकेतस्थळ त्याच मिररवरून दुरुस्त्या घेणाऱ्या एका सर्व्हरवर चालत होते. लोक तेथे नाव, पत्ता, पासवर्ड देऊन अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रारी नोंदवीत. २०१५ मध्ये जुन्या कार्यालयातील एका लेखापालाने सहज फोन केला. बोलता बोलता म्हणाला, “साहेब, तुमचे ते यंत्र अजून चालू आहे, कधी बंद पडत नाही.” त्याला ती स्तुती वाटली. मी शेवटच्या नोंदीची तारीख पाहायला सांगितली. चौदा महिन्यांपूर्वीची होती. दोष जगजाहीर झाल्यानंतरचे सारे महिने त्यात मोडत होते.

हार्टब्लीडचा वापर करून कोणी स्मृतीतील मजकूर उचलला तर सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत त्याचा माग राहत नाही. तलाठ्याविरुद्ध, ठेकेदाराविरुद्ध, पोलिसांविरुद्ध ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांचे काही बाहेर गेले की नाही, हे आजही कोणी सांगू शकणार नाही. मी संबंधितांना पत्र लिहिले, सर्व्हर बदलला गेला. मिररही बंद करण्यात आला, कारण ‘अशा प्रयोगांमुळे धोका संभवतो’. हा निष्कर्ष मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. दप्तर अद्ययावत ठेवणारा कारकून काढून टाकायचा आणि दप्तर शिळे झाले म्हणून अभिलेखकक्ष जाळायचा, असा हा न्याय आहे.

मिररला विरोध करणाऱ्यांचे नेहमीचे म्हणणे असे की मधल्या माणसाच्या हाती भांडार दिले तर तो त्यात काहीही घुसवील. हे अज्ञान आहे. मूळ भांडाराची सूची प्रकल्पाच्या गुप्त किल्लीने सही केलेली असते, सूचीत इतर याद्यांचे आणि त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजचे अंकठसे असतात, आणि संगणक माल उघडण्यापूर्वी ही साखळी तपासून पाहतो. नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही हे नक्कलकाराच्या शब्दावर अवलंबून नाही. तलाठ्याच्या शिक्क्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी पक्की आहे. मात्र ही सही माल मुळातला आहे एवढेच सांगते, तो निर्दोष आहे असे सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साधनात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. तो डेबियनच्या चाचणी-शाखांपर्यंत पोचला होता, स्थिर शाखेत नव्हता. प्रामाणिक नक्कलकार चुकीचीही नक्कल प्रामाणिकपणे करतो. म्हणून कार्यालयांनी स्थिर शाखाच घ्यावी आणि भांडार कोण पाहतो ते कागदावर असावे.

दुसरे म्हणणे अधिक प्रतिष्ठित आहे : आता मोठमोठ्या कंपन्यांची वितरण-जाळी देशातील शहरांत आली आहेत, डेबियन स्वतःही तसे जाळे वापरते, मग प्रत्येक जिल्ह्याने कोठार कशाला बांधायचे? मुंबईत राहणाऱ्याला हे खरे आहे. आयआयटी कानपूर, आयआयटी मुंबई यांसारख्या संस्थांनीही आपापले मिरर ठेवले, राष्ट्रीय ज्ञानजालावरही डेबियनची प्रत ठेवली गेली. पण माझा प्रश्न मुंबई ते तालुका या अंतराचा आहे. शिवाय सवयीचाही आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे कारण होऊन नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक थांबल्या, कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, मग त्या पुन्हा सुरू झाल्या. ज्याची प्रत आपल्या कपाटात असते त्याच्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. नव्या आवृत्तीच्या अटी पुरे न करणारे असंख्य धडधाकट संगणक आता निर्लेखनाच्या वाटेवर आहेत. ते लिनक्सवर जाऊ शकतात, पण जाऊन राहायचे तर रोजची शिधासामग्री लागते.

येथे आपली एक राष्ट्रीय हौस आडवी येते. आपल्याला स्वतःची संगणक-प्रणाली जाहीर करायला फार आवडते. २००७ साली सी-डॅकने बॉस आणली, ती डेबियनवर आधारलेली. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांसाठी माया आली, ती उबुंटूवर, म्हणजे पर्यायाने डेबियनवरच. यात कमीपणा काहीच नाही, मुक्त सॉफ्टवेअरचा अर्थच तो आहे. पण जाहीर करण्याच्या दिवशी दीपप्रज्वलन होते, नाव संस्कृतातून येते, बोधचिन्ह येते. त्यानंतर रोज रात्री भांडार भरण्याचे काम कोणी करायचे, त्याला कायम पद आहे का, तो रजेवर गेला तर कोण, याला बोधचिन्ह नसते. प्रणालीचे नाव भारतीय असणे ही मला दुय्यम गोष्ट वाटते. तिच्या दुरुस्त्या दुर्गम तालुक्यातील तहसीलदाराच्या टेबलापर्यंत किती दिवसांत पोचतात, हे मला कोणी सांगावे. मी अनेक बैठकांत हे विचारले आहे. प्रत्येक वेळी पुढची चित्रफीत दाखवण्यात आली.

केरळने वेगळे केले. तेथील आयटी@स्कूल प्रकल्प २००१ साली सुरू झाला, २०१७ साली त्याची काइट ही सरकारी कंपनी झाली, मधल्या काळात सरकारे बदलली, तरी शाळांतील मुक्त प्रणाली टिकली. २०२४ साली त्यांनी उबुंटू २२.०४ वर आधारलेली नवी आवृत्ती शाळांना दिली. त्याचे श्रेय लोक विचारसरणीला देतात. मला ते आस्थापनेला द्यावेसे वाटते. तेथे हे काम एका संस्थेचे आहे, शिक्षकांतूनच निवडून घडवलेले प्रशिक्षक आहेत, आणि नवी आवृत्ती कधी येणार हा कोणा अधिकाऱ्याच्या आवडीचा विषय राहिलेला नाही. महाराष्ट्रात हुशार माणसे कमी नाहीत. पुण्या-मुंबईच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींनी कित्येक वर्षे विनामूल्य वर्ग घेतलेले मी पाहिले आहेत. त्यांना आपण व्याख्यानाला बोलावतो, शाल देतो आणि खरेदी जुन्याच यादीतून करतो.

मागच्या महिन्यात ईशान्येकडे नव्याने नेमणूक झालेल्या, मूळच्या बीडच्या एका तरुण अधिकारी मुलीने मला विचारले, की जिल्ह्यासाठी मिरर उभारायचा तर डिस्क किती मोठी घ्यावी. मी तिला लिहिले : एका प्रणालीची एकच स्थिर आवृत्ती, एकाच प्रकारच्या संगणकांसाठी घे, दोन टेराबाइटमध्ये भागेल, चार घेतलीस तर पुढच्या आवृत्तीची सोय होईल. आधी पॅकेजे उतरव, सूची शेवटी बदल, नाहीतर सूचीत असलेली वस्तू कोठारात नसते आणि मध्येच आलेला संगणक रिकाम्या हाताने परत जातो. सुरक्षेची एक ओळ मूळ ठिकाणाकडेच राहू दे. शेवटची नक्कल कधी उतरली ती तारीख आवक-जावक लिपिकाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रोज दिसेल अशी व्यवस्था कर, आणि ती दोन दिवस बदलली नाही तर त्याने कोणाला फोन करायचा ते त्याखाली लिही. डिस्क साठा नोंदवहीत चढव, आतील मालाच्या किमतीच्या रकान्यात शून्य लिहून परवान्याची प्रत जोड. आणि हे सगळे करण्यापूर्वी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीचा कोरा नमुना काढ आणि त्यात, सतरंज्यांच्या वर, एक ओळ घाल.

तिचे उत्तर आले. नमुना जिल्ह्यात बदलता येत नाही, त्याला राज्य सरकारची मंजुरी लागते. प्रस्ताव तिने पाठवला आहे.